स्लॅब गळतोय, पण पाणी शिरतंय कुठून?

छतावर डाग दिसतो, त्याच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. पाणी कोब्याखालून (गच्चीवरच्या उताराच्या थराखालून) उताराने सरकतं आणि स्लॅबमध्ये वाट मिळेल तिथे, बहुतेकदा पंख्याच्या हुकाशी किंवा वायरिंगच्या पाइपातून, उतरतं. दिव्याजवळ ओल असेल तर आधी त्या लाइनचा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) बंद करा.

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. पाऊस नसतानाही डाग वाढत असेल तर संशय टाकीवर, नळाच्या पाइपावर किंवा वरच्या बाथरूमवर घ्या. तसं नसेल तर डागाचं अंतर दोन भिंतींपासून मोजून तीच जागा गच्चीवर खुणेने दाखवा, आणि तिथून चढाच्या बाजूने शोधा: कठड्याच्या कडेचा वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सिमेंटचा गोलसर कोपरा), पावसाळी पाइपाचं तोंड, अँटेनाचे बोल्ट.

खात्री पाणी साठवूनच होते. कोरड्या दिवसांत पाइपाचं तोंड बंद करा, मातीचे बांध घालून गच्चीचे भाग पाडा. सखल भागापासून सुरुवात करून एकेका भागात 25 मिलिमीटर पाणी 24 ते 48 तास ठेवा. घाई करून सगळे भाग एकदम भरले, तर काहीच कळत नाही. कठड्याची भेग यात सापडणार नाही. तिच्यावर वेगळी पाण्याची नळी धरा, खालून वर.