प्रगत डेटाबेसचा अभ्यासक्रम: शोधनिबंधांसोबत पोस्टग्रेस कसे वापरावे

पदव्युत्तर पातळीवरील प्रगत डेटाबेस प्रणालींच्या अभ्यासक्रमाचा गाभा साधारणतः तीन विषयांचा असतो: एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शन्सचे (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटांचे) नियंत्रण, क्वेरी ऑप्टिमायझेशन (क्वेरी चालवण्याचा कमी खर्चाचा मार्ग निवडणे) आणि बिघाडानंतरची रिकव्हरी. हे विषय ज्या शोधनिबंधांतून शिकवले जातात ते नुसते वाचले, तर परीक्षेपुरते लक्षात राहतात; म्हणून त्यांतले प्रत्येक महत्त्वाचे विधान पोस्टग्रेससारख्या मुक्त डेटाबेसवर तपासून पाहावे. पोस्टग्रेस स्वतःच्या संगणकावर बसवावे. महाविद्यालयाच्या सामाईक सर्व्हरवर यांतले शेवटचे प्रयोग करणे इतरांना महागात पडेल.

सुरुवात ट्रान्झॅक्शन्सपासून करावी, कारण इथेच सर्वाधिक गैरसमज असतात. 'खाती' नावाचे छोटे टेबल तयार करावे, त्यात बचत आणि चालू अशा दोन ओळी घालाव्यात आणि प्रत्येकीत 600 रुपये ठेवावेत. पोस्टग्रेस प्रत्येक ओळीसोबत सीटीआयडी (ओळीची जागा), एक्समिन आणि एक्समॅक्स (ती आवृत्ती निर्माण करणाऱ्या आणि खोडणाऱ्या किंवा लॉक करणाऱ्या ट्रान्झॅक्शनचे क्रमांक) असे लपलेले रकाने ठेवते. नुसत्या तारांकित सिलेक्टमध्ये ते दिसत नाहीत, त्यांची नावे घेऊन मागावे लागतात. एक ओळ अपडेट करून ते पुन्हा पाहिले की सीटीआयडी बदललेला दिसतो. याचा अर्थ जुनी ओळ खोडली गेलेली नाही. तिची नवी आवृत्ती दुसऱ्या जागी लिहिली गेली आहे. एमव्हीसीसीवरील, म्हणजे एका ओळीच्या अनेक आवृत्त्या ठेवण्याच्या पद्धतीवरील, कोणताही निबंध वाचण्यापूर्वी एवढे पाहून घ्यावे.

त्यानंतर दोन्ही रकमा पुन्हा 600 करून दोन टर्मिनल उघडावेत. दोन्ही खात्यांची एकत्रित शिल्लक शून्याखाली जाता कामा नये, असा नियम मनाशी धरावा. दोन्हीकडे रिपीटेबल रीड या आयसोलेशन पातळीवर (ट्रान्झॅक्शन्स एकमेकांपासून किती अलग राहतात ते ठरवणारी पातळी) ट्रान्झॅक्शन सुरू करून बेरीज वाचावी. ती दोघांनाही 1200 दिसेल. मग पहिल्याने बचत खात्यातून 1000 आणि दुसऱ्याने चालू खात्यातून 1000 काढावेत आणि दोघांनी कमिट करावे (बदल कायम करावेत). दोन्ही कमिट निमूटपणे यशस्वी होतात आणि एकत्रित शिल्लक उणे 800 होते. यालाच राइट स्क्यू म्हणतात. बेरेन्सन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये एसक्यूएल मानकातील आयसोलेशन पातळ्यांवर जी टीका केली, ती हा प्रयोग केल्यावर वाचावी. आधी वाचल्यास ती व्याख्यांचा कीस वाटण्याचा धोका आहे. दोघांनी एकाच ओळीवर लिहिले असते, तर दुसरा थांबून राहिला असता आणि पहिल्याच्या कमिटनंतर त्याला त्रुटी मिळाली असती. इथे ओळी वेगळ्या असल्यामुळे संघर्ष कुणाच्या लक्षातच येत नाही.

हाच प्रयोग सीरियलायझेबल पातळीवर (जिथे निकाल ट्रान्झॅक्शन्स एकामागून एक चालल्यासारखाच असतो) केल्यास एका ट्रान्झॅक्शनला 40001 क्रमांकाची त्रुटी मिळते. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 2011 साली 9.1 आवृत्तीपासून आली. त्रुटी आल्यावर केवळ शेवटचे विधान नव्हे, तर बेरीज वाचण्यापासूनचे संपूर्ण ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावे लागते, हे प्रकल्प लिहिताना हमखास विसरले जाते.

ऑप्टिमायझरच्या अभ्यासासाठी सेलिंगर आणि सहकाऱ्यांचा सिस्टिम आर या आयबीएमच्या प्रायोगिक डेटाबेसवरील 1979 चा निबंध आजही पहिला वाचावा. त्यात अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरून त्या पुऱ्या करणाऱ्या ओळींची प्रमाणे गुणली जातात. या गृहीतकाची किंमत पाहण्यासाठी जिल्हा आणि तालुका असे दोन रकाने असलेले 3,58,000 ओळींचे टेबल तयार करावे: महाराष्ट्राप्रमाणे 36 जिल्हे, 358 तालुके, प्रत्येक तालुका एकाच जिल्ह्यात आणि त्याच्या 1000 ओळी. टेबलवर अ‍ॅनालाइझ चालवून (टेबलमधील मूल्यांची आकडेवारी गोळा करून) एक तालुका आणि त्याचाच जिल्हा अशा दोन्ही अटींची क्वेरी, ऑप्टिमायझरचा अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी दोन्ही दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझने तपासली, तर प्रत्यक्ष ओळी 1000 आणि अंदाज 28 च्या आसपास दिसतो. तालुका कळला की जिल्हा ठरतोच, हे ऑप्टिमायझरला ठाऊक नसते. क्रिएट स्टॅटिस्टिक्स वापरून दोन रकान्यांमधील अवलंबित्व नोंदवावे, पुन्हा अ‍ॅनालाइझ चालवावे आणि अंदाज सुधारतो का ते पाहावे. जॉइनचा क्रम चुकतो तो बहुधा अशाच अंदाजांमुळे. खर्चाच्या सूत्रांना उगाच दोष दिला जातो.

रिकव्हरीसाठी सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा 1992 चा एरीज या रिकव्हरीच्या पद्धतीवरील निबंध लांब आणि किचकट आहे. अ‍ॅनालिसिस, रीडू (नोंदवलेले बदल पुन्हा करणे) आणि अनडू (अपूर्ण ट्रान्झॅक्शन्सचे बदल मागे घेणे) हे त्याचे तीन टप्पे समजले, की एका टर्मिनलमध्ये एक ओळ घालून कमिट करावी, दुसऱ्यात कमिट न करता ओळ घालावी आणि सर्व्हर इमिजिएट पद्धतीने (आवराआवर न करता) बंद करून पुन्हा सुरू करावा. सर्व्हरच्या लॉगमध्ये रीडू सुरू झाल्याची नोंद सापडेल, पण अनडूची सापडणार नाही. कमिट न झालेली ओळ पानावर उरली असली, तरी तिचे ट्रान्झॅक्शन यशस्वी झाल्याची नोंद नसल्याने ती कुणालाच दिसत नाही. म्हणजे अनडूचे काम व्हॅक्यूमकडे, म्हणजे निरुपयोगी ओळी साफ करणाऱ्या प्रक्रियेकडे, गेले. ते किती साचते हे पाहण्यासाठी एक लाख ओळी घालून रोलबॅक करावे (ट्रान्झॅक्शन रद्द करावे) आणि टेबलचा आकार आधी व नंतर मोजावा.