श्वसनाची प्रतिकृती करताना या चुका टाळा

बाटली, स्ट्रॉ आणि फुगे. बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचं रबर ताणून बसवायचं, हा पडदा म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. झाकणाच्या भोकातून स्ट्रॉ आत घालून त्याच्या आतल्या टोकाला फुगा बांधायचा, तो म्हणजे फुप्फुस. पडदा खाली ओढला की फुगा फुगायला हवा. सामान एवढंच असल्यामुळे मुलं अर्ध्या तासात काम उरकायला बघतात आणि तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे स्ट्रॉमध्ये फुंकणं. एका प्रदर्शनात खालचा रबरी पडदा कितीही ओढला तरी आतला फुगा ढिम्म हलेना. परीक्षक समोर उभे. मुलांनी स्ट्रॉ तोंडात धरून फुंकलं, फुगा टम्म फुगला आणि "आपण असाच श्वास घेतो" असं सांगून ती मोकळी झाली. परीक्षकांनीही माना डोलावल्या! अहो, विज्ञानच उलटं झालं की. आपल्या छातीत कोणी हवा भरत नाही. श्वासपटल आकुंचन पावून खाली जातं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित कमी होतो आणि म्हणून बाहेरची हवा आत शिरते. छाती आधी फुगते, हवा मागून येते. हे दिसत नसेल तर प्रतिकृती कशाला करायची?

फुगा हलत नाही याचं कारण बहुतेक वेळा गळती हेच असतं. सेलोटेपवर सेलोटेप चढवू नका, त्याच्या सुरकुत्यांतून हवा जाते. मी झाकणाच्या भोकाभोवती क्ले दाबून बसवते. मग स्ट्रॉच्या तोंडावर अंगठा ठेवून पडदा वर ढकलायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती सापडली. स्ट्रॉऐवजी बॉलपेनची नळी घेत असाल तर तिच्या बाजूचं बारीक भोक आधी बुजवा. ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

नवा फुगा कडक असतो, दोन-चारदा फुगवून सैल करा. पातळ बाटली पडदा ओढताच आत चेपते, जाड घ्या. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर पडदा फाटतो. आधी एका फुग्यावर जमवा, दोन फुप्फुसांची हौस नंतर.

आणि प्रतिकृतीत काय खोटं आहे तेही मुलांना सांगा. विश्रांतीत श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असतं, आकुंचन पावलं की सपाट होत जातं. आपला पडदा मात्र सपाट असतो आणि ओढल्यावर खाली फुगतो. बाटलीची भिंत हलत नाही, बरगड्या हलतात. फुग्याभोवती भरपूर मोकळी हवा असते, फुप्फुसांभोवती फक्त द्रवाचा पातळ थर. हे सांगितलं नाही, तर मुलं परीक्षेत बाटलीचीच आकृती काढून तिला छाती म्हणतात.