किनाऱ्यालगतचे छोटे मासे ओळखताना या चुका टाळा

किनाऱ्यालगतच्या छोट्या माशांची छायाचित्रे ओळख पटवण्यासाठी माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांसोबत एकच प्रश्न असतो : "रंग असा आहे, म्हणजे ही अमुक जात ना?" रंग ही ओळखीची शेवटची खूण आहे, पहिली नव्हे, हे सांगून सांगून मला कंटाळा आला आहे, तरी हीच चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे पुन्हा एकदा सांगतो.

ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांची नोंद ठेवू लागलो त्या पहिल्या हंगामात माझ्या वहीत गोबींच्या (तळाला टेकून बसणाऱ्या छोट्या माशांच्या) तीन जाती होत्या : काळी, ठिपक्यांची आणि वाळूच्या रंगाची. एके दिवशी तिन्ही मासे पांढऱ्या तळाच्या ट्रेमध्ये ठेवून मी मोजपट्टी शोधायला गेलो आणि परतलो तेव्हा त्यांतला काळा कोणता हे मलाच सांगता येईना. तिघेही सारखेच फिकट झाले होते आणि परांचे किरण (पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या) मोजले तर तेही तेवढेच निघाले. भोवतालच्या रंगानुसार त्वचेतल्या रंगपेशींमधले रंगद्रव्य आकसते किंवा पसरते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. विणीच्या काळात अनेक जातींचे नर काळवंडतात ते वेगळेच. हंगामभराच्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. अल्कोहोलमध्ये जतन केलेल्या नमुन्याच्या रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण लाल-पिवळा रंग त्यात निघून जातो आणि काळे डाग तेवढे उरतात.

दुसरी चूक म्हणजे केवळ वरून काढलेले छायाचित्र. गोबी आणि ब्लेनी (तळाला राहणारा दुसऱ्या गटातला छोटा मासा) वरून पाहिले तर सारखेच दिसतात : मोठे डोके, वर आलेले डोळे, तळाला टेकून बसण्याची सवय. फरक दिसतो तो बाजूने आणि खालून. गोबीच्या पाठीवर बहुधा दोन स्वतंत्र पर असतात आणि पोटाखालच्या परांची जोडी बहुतेक जातींत जुळून पेल्यासारखी झालेली असते. ब्लेनीच्या पाठीवर मात्र मानेपासून शेपटीजवळपर्यंत एकच लांब पर असतो, अंगावर खवले नसतात आणि पोटाखालचे पर दोन बारीक बोटांसारखे, छातीच्या परांच्याही पुढे असतात. म्हणून मी मासा पाणी भरलेल्या अरुंद पारदर्शक डबीत घेतो, बाजूने आणि खालून एकेक छायाचित्र काढतो आणि मगच पुस्तक उघडतो. पाच मिनिटांचे हे काम टाळून ॲपने सुचवलेले नाव वहीत उतरवणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. खडकावर उड्या मारणाऱ्या ब्लेनीला निवटी म्हणणारेही त्याच पंथाचे; निवटी ही चिखलात राहणारी आणि गोबींच्या नात्यातली.

अंगावर रुपेरी पट्टा दिसला की अँचोव्ही (मांदेलीच्या कुळातला मासा), हाही तसाच उतावळेपणा आहे. सिल्व्हरसाइड या दुसऱ्या छोट्या माशालाही असा पट्टा असतो, पण त्याच्या पाठीवर दोन पर असतात. अँचोव्हीच्या पाठीवर एकच पर असतो, तिचे नाकाड खालच्या जबड्याच्या पुढे आलेले असते आणि वरचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तारलीच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले की करवतीसारखे खवले टोचतात. काही अँचोव्हींनाही असे खवले असतात, त्यामुळे तोंड आधी पाहावे.

मासा लहान आहे म्हणून जातही लहान असेल, असे नसते. पाठीवरच्या दोन परांपैकी पहिल्यात चारच काटे असतील, तर हातात बोईचे पिल्लू असण्याचा संभव आहे.

किरण मोजताना शेवटचे दोन एकाच मुळातून निघत असतील तर ते एकच धरायचे, आणि प्रमाण लांबी (नाकाडाच्या टोकापासूनची माशाची लांबी) शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतच मोजायची, टोकापर्यंत नव्हे. मी दोनदा मोजतो. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा मोजतो, आणि तरीही जुळले नाहीत तर वहीत फक्त कुळाचे नाव लिहून मासा पाण्यात सोडतो.