लिनक्समधे सी ड्राइव्ह शोधू नका, आधी हे करून बघा

रामबागेतल्या आमच्या काकांच्या जुन्या लॅपटॉपवर मी उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी पोहे हातात असतानाच फोन, अरे सी ड्राइव्ह कुठाय? नाहीये काका. लिनक्स ज्या जुन्या युनिक्सच्या वळणावर गेलंय, त्या युनिक्सच्या खानदानात सी, डी, ई असले वेगवेगळे बंगले नसतात, एकच मोठा वाडा, त्याचा दरवाजा म्हणजे तिरकी रेघ / आणि बाकी सगळं त्याच्या आत. ह्याला रूट म्हणतात, म्हणजे मूळ वर आणि फांद्या खाली. काका लगेच म्हणाले, अश्वत्थ! तोच.

आता कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. कमांड इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा, कारण इथे मोठं पी आणि लहान पी वेगळं धरतात. पहिली पीडब्ल्यूडी (pwd), बांधकाम खातं नव्हे, तुम्ही कुठे उभे आहात ते सांगते. उत्तर येईल /होम/तुमचं नाव. ही तुमची खोली, इथे काय वाटेल तो पसारा करा.

मग सीडी (cd, म्हणजे दुसरीकडे जा), स्पेस, / टाइप करून एंटर, आणि एलएस (ls, म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव). आता पूर्ण वाडा दिसेल. ईटीसीमधे (etc) सेटिंगच्या फायली, व्हारमधे (var) लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, वगैरे रोज वाढणारं सामान, टीएमपीमधे (tmp) तात्पुरतं, जे उबंटू रीस्टार्टला साफ करतं, आपल्या कचरागाडीसारखं, म्हणून तिथे कामाचं काही ठेवू नका. देवमधे (dev) तर हार्डडिस्क, कीबोर्डसुद्धा फायलीच्या रूपात बसलेत. बघा खुशाल, पण सुडो (sudo, म्हणजे मालकाचे अधिकार) लावून काही उडवू नका, आरएमने (rm, खोडायची कमांड) गेलेलं रिसायकल बिनमधे सापडत नाही.

यूएसआर (usr) बघून सगळे फसतात, वाटतं युजर म्हणजे आपलंच. खरं तर होतंही तसंच, १९७१ च्या सुमारास युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्समधे युजर्सची घरं तिथेच होती, युनिक्स लिहिणाऱ्या केन थॉम्प्सनची डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, /यूएसआर/केन. डिस्क इवल्याशा, प्रोग्राम तिथे घुसत गेले, मग माणसांनाच वेगळं घर बघावं लागलं. भाडेकरू आत आणि मालक बाहेर, असा प्रकार. आज तिथे प्रोग्राम राहतात.

पत्ता सांगायच्या दोन पद्धती. / पासून सुरू केलात तर तो वाड्याच्या दरवाजापासून सांगितलेला पत्ता, कुठूनही चालतो. / न लावता लिहिलात तर तुम्ही उभे आहात तिथून. दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर, एक टिंब म्हणजे इथेच. नुसतं सीडी मारलं की थेट घरी, कितीही भरकटला असाल तरी.

नवी डिरेक्टरी करायला एमकेडीआयआर (mkdir) आणि पुढे नाव, पण नावात स्पेस नको. काकांनी लग्न फोटो लिहिलं आणि दोन डिरेक्टऱ्या झाल्या, एक लग्न, एक फोटो. अवतरणचिन्हात लिहा किंवा मधे खालची रेघ द्या.

एक गंमत सांगतो, डिरेक्टरीच्या पोटात फायली नसतातच, फक्त यादी असते, नाव आणि त्यापुढे आयनोड नंबर, म्हणजे खऱ्या फायलीचा ओळख क्रमांक. एलएसला -आय (-i) लावा, नंबर दिसतील. त्यामुळे एका फायलीला दोन नावं असू शकतात, जसा घरी बंड्या आणि शाळेत अनिरुद्ध. एक नाव खोडलं तरी पोरगा जागेवरच, शेवटचं नाव गेलं की मग फाइल जाते.

राहिला पेनड्राइव्ह. त्यालाही नवीन अक्षर मिळत नाही, पाहुण्यासारखा वाड्यातच एका खोलीत उतरतो, उबंटूत /मीडिया/तुमचं नाव इथे. काढायच्या आधी यूमाउंट (umount, म्हणजे पाहुण्याला रीतसर निरोप) करा, आणि ते बिझी आहे म्हणून अडून बसलं तर बघा, बहुतेक तुम्ही स्वतःच टर्मिनलमधे त्याच्या आत उभे असाल, आधी सीडी मारून बाहेर या.