व्हेरिएबल रेझिस्टरने दिवा मंद करायचा, पण पॉट न जाळता

दुकानात जाऊन ‘एक दहा केचा पॉट द्या’ (पॉट म्हणजे नॉबवाला व्हेरिएबल रेझिस्टर, दहा के म्हणजे 10,000 ओहम) म्हणायचं, तो आणून बारा व्होल्टच्या बल्बच्या वायरीत घालायचा आणि नॉब फिरवायचा. बल्ब लागतच नाही. आणखी फिरवला की अगदी शेवटच्या टोकाला एकदम भक्कन लागतो आणि मग आपल्याकडे म्हणतात तसं, जाळ आणि धूर संगटच. गणपतीच्या दिवसांत तालीम मंडळांच्या देखाव्यांमागे असे जळके पॉट हमखास सापडतात. पॉट बिचारा चांगलाच असतो, निवड चुकलेली असते.

उदाहरणाला गाडीच्या पार्किंग लाइटचा 12 व्होल्ट, 5 वॅटचा बल्ब घेऊ. पूर्ण उजेडात तो 5 भागिले 12, म्हणजे 0.42 अँपिअर घेतो आणि त्याचा तापलेला रेझिस्टन्स 29 ओहमच्या आसपास असतो. सामान एवढंच: 12 व्होल्टची बॅटरी, 1 अँपिअरचा फ्यूज, मल्टीमीटर आणि व्हेरिएबल रेझिस्टर.

आता ओहम किती घ्यायचे? लोडच्या, म्हणजे इथे बल्बच्या, रेझिस्टन्सच्या दीडपट-दुप्पट पुरतात. इथे 50 ओहम. 10,000 ओहमचा पॉट घेतला तर नॉबच्या फेऱ्यातले 99 टक्के वाया जातात आणि सगळा खेळ शेवटच्या एका टक्क्यात होतो.

ओहम जमले तरी खरी गोम वॅटमध्ये आहे. हिशेब करणारे लोकही इथेच फसतात. ते म्हणतात, ‘या जोडणीत रेझिस्टरमध्ये जास्तीत जास्त दोन वॅट उष्णता होते, मग 5 वॅटचा वायरवाउंड (तार गुंडाळलेला) पुष्कळ झाला.’ दोन वॅट बरोबर आहेत, निष्कर्ष चूक. अंगावर छापलेले वॅट हे पूर्ण तारेला मिळून असतात. नॉब फिरवून तुम्ही तारेचा दहावा भागच वापरात ठेवलात तर त्याच्या वाट्याला वॅटही दहावा हिस्साच येतो. 50 ओहम 5 वॅटचा नॉब 5 ओहमवर ठेवून बघा: करंट साधारण 0.38 अँपिअर, त्या तुकड्यात उष्णता 0.7 वॅट, आणि त्याची ताकद अर्ध्या वॅटची. तेवढेच चार वेढे काळे पडतात, बाकीची तार नवी कोरी राहते.

म्हणून वॅट विसरा, करंटची मर्यादा काढा. वॅटला ओहमने भागायचं आणि उत्तराचं वर्गमूळ घ्यायचं. नॉब कुठेही असला तरी त्यापेक्षा जास्त करंट चालत नाही. 50 ओहम 5 वॅटला ही मर्यादा 0.32 अँपिअर, म्हणजे आपल्या बल्बला अपुरी. 10 वॅटला 0.45, म्हणजे काठावर. 25 वॅटला 0.7, तोच घ्या. ‘एवढा मोठा कशाला?’ म्हणून दुकानदार हसला तर हसू दे. याच हिशेबाने पाव वॅटचा 1 केचा कार्बन पॉट (तारेऐवजी कार्बनचा पट्टा असलेला) फक्त 16 मिलिअँपिअर सोसतो आणि 10 केचा 5 मिलिअँपिअर. तो बल्बसाठी नाहीच.

जोडणी सोपी: बॅटरीचा प्लस, फ्यूज, रेझिस्टरची कडेची पिन, मधल्या पिनेतून बल्ब, बल्बमधून मायनस. उरलेली तिसरी पिन लोंबकळत ठेवू नका, मधल्या पिनेला जोडा. मधला सरकता संपर्क क्षणभर सुटला तर सर्किट तुटण्याऐवजी पूर्ण 50 ओहम मध्ये येतात आणि दिवा फडफडत नाही.

जोडण्याआधी मीटर ओहमवर ठेवून नॉब सावकाश फिरवा. वायरवाउंडमध्ये आकडा वेढ्यावेढ्याने बारीक उड्या मारतो, ते ठीक. मध्येच तो अनंतावर गेला तर संपर्क खराब आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर पडून राहिलेल्या पॉटांचं हे नेहमीचं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा फिरवा, तरी सुधारला नाही तर टाकून द्या.

सुरुवात नेहमी पूर्ण रेझिस्टन्सवर करायची. थंड फिलामेंटचा (बल्बमधल्या तारेचा) रेझिस्टन्स तापलेल्याच्या साधारण दहावा भाग असतो, त्यामुळे नॉब शून्यावर ठेवून स्विच दाबला तर पहिला झटका कितीतरी पट मोठा बसतो. 50 ओहमवर बल्ब 0.2 अँपिअरच्या आसपास लालसर मिणमिणतो, तिथून वर न्या. करंट मोजताना मीटरची वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये हवी. मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये ठेवलीत तर मीटरचा फ्यूज उडतो आणि लोक ‘मीटर बिघडला’ म्हणत बसतात.

एलईडीचं गणित वेगळं. 12 व्होल्टवर 3 व्होल्टची पांढरी एलईडी असेल तर 470 ओहमचा साधा रेझिस्टर कायम सिरीजमध्ये (त्याच वायरीत एकापाठोपाठ) हवाच, नाहीतर नॉब शून्यावर येताक्षणी एलईडी गेली. त्यासोबत 5 केचा पॉट लावला की करंट पावणेदोन ते 19 मिलिअँपिअर असा फिरतो, पण निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या दहाव्या भागात होते. शिवाय अर्ध्या वॅटच्या 5 केची मर्यादा 10 मिलिअँपिअर, म्हणजे तोही टोकाला जळणार. अर्ध्या वॅटचा 1 के लावा: मर्यादा 22 मिलिअँपिअर, करंट 6 ते 19, नॉबही नीट हाताला येतो. अंगावर बी छापलेला घ्या, तो लिनिअर असतो, म्हणजे नॉब जेवढा फिरेल त्याच प्रमाणात ओहम बदलतात. ए छापलेला लॉग पॉट आवाजाच्या नॉबसाठी.

आणि हे सगळं बॅटरीवर. घरच्या 230 व्होल्टच्या लाइनमध्ये पॉट घालून बल्ब किंवा पंखा चालवायचा नाही. दिव्याच्या डिमरमध्ये पॉट असतो हे खरं, पण त्यातून दिव्याचा करंट जात नाही. तो ट्रायॅकला (एसी करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) कधी चालू व्हायचं एवढंच सांगतो, लोड ट्रायॅक ओढतो.