बुजरं पिल्लू आणताय? आधी फटी बुजवा

गेल्या आषाढात खानापूरहून आत्याकडचं मांजराचं पिल्लू आणलं. दोन महिन्यांचं, फार बुजरं. शहापुरातल्या आमच्या कौलारू घरात बुट्टीचं झाकण काढलं मात्र, ते कपाटामागं, तिथून भिंतीवर आणि वळचणीच्या फटीतून माळ्यावर गेलं. दोन रात्री पावसात त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. तिसऱ्या रात्री ऐकू आलं नाही. पुन्हा दिसलंही नाही. आता दुसरं आणतोय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पहिलं काम फटी. दूध-वाटी मागाहून. एकच छोटी खोली ठरवा आणि खाली बसून, मग शिडीवर चढून बघा: कौलं आणि भिंतीच्या मध्ये, कपाटामागं, न्हाणीच्या मोरीत, दाराखाली. पिल्लाचं डोकं शिरलं की अंगही शिरतं. जुनं पोतं, फळी, विटा, जे असेल ते घट्ट कोंबा. आणायच्या आदल्या दिवशी. पिल्लू बुट्टीत ओरडत असताना हे होत नाही, मी करून बघितलंय.

पण लपायला जागा हवीच. ती आपण द्यायची. आडवा खोका, तोंड भिंतीकडं, आत आईच्या अंगाखालचं फडकं. ते फडकं मागून आणा, लाजू नका. दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसांचा हात न लागलेलं पिल्लू माणसाला भितंच. तो त्याचा हट्ट नव्हे. म्हणून खोक्यातून ओढून काढू नका. पोरांनाही बजावून सांगा. जमिनीवर बसा, रोखून बघू नका, हळूहळू डोळे मिटा-उघडा, बोट पुढं धरा. हुंगलं तर हुंगलं.

आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. बसनं आणणार असाल तर बुट्टीचं झाकण सुतळीनं बांधा. पाणी, शी-शूसाठी वाळूची पाटी. पाटी खाण्यापासून लांब. गाईचं दूध नको, हगवण लागते. दूधभातावर मांजर वाढत नाही, त्याला मांस-मासे लागतात: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, कांदा-लसूण अजिबात नको, आणि रोजचं म्हणून पिल्लांसाठीचं तयार खाणं. फरशीला फिनेल नको, मांजराला ते विषारी असतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका, जीव जातो.

पहिल्या दिवशी कमी खाईल. पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर मात्र वाट बघत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरकडं न्या. एवढ्याशा जीवात साठा नसतो. त्याच फेरीत जंताचं औषध आणि लसींच्या तारखा विचारून घ्या. रेबीजची साधारण बारा आठवड्यांनंतर.

संध्याकाळी दिवा लावून खोलीतली फट परत तपासा. पावसात पोतं भिजून खाली घसरतं.

पुढचं थोडक्यात. खाणं-पाटी सुरळीत झालं, आपणहून जवळ येऊ लागलं, की दुसरी खोली. एका वेळी एकच. गणपती-दिवाळीच्या फटाक्यांत दार बंद. अंगणात सोडायची घाई नको, आधी नसबंदी. आणि नवी खोली उघडण्याआधी तिथल्याही फटी, वळचणीपासून मोरीपर्यंत.