इम्प्लांटवरच्या कॅपसाठी सिमेंट निवडताना या चुका टाळा

"डॉक्टर, कॅप पक्की बसवा, मला सारखं यायला जमणार नाही." बीड-केजकडचा पेशंट असं म्हणाला की हात आपोआप घट्ट धरणाऱ्या रेझिन सिमेंटकडे जातो. माझाही गेला होता. तो पेशंट ऊसतोडीचा मुकादम; ते दसऱ्यानंतर टोळी घेऊन कारखान्यावर गेले आणि गुढीपाडव्याला परतले, तेव्हा हिरडी दाबली की पू येत होता. एक्स-रे स्वच्छ. हिरडी उघडली तर गालाच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा सिमेंटचा तुकडा.

मी फक्त पकडीचा विचार केला होता. नैसर्गिक दातावर हिरडीचे तंतू दाताच्या मुळामध्ये आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवती, ते नुसते समांतर धावतात. त्यामुळे दाबाने सुटलेलं सिमेंट सरळ खाली उतरतं. शिवाय अबटमेंटला, म्हणजे इम्प्लांटवर स्क्रूने बसवलेल्या आणि कॅप धरणाऱ्या खुंटाला, कीड लागत नाही, म्हणजे दातासारखी मजबुती हवीच असं नाही. अबटमेंट उंच आणि भिंती जवळपास समांतर असतील, तर झिंक ऑक्साईडचं तात्पुरतं सिमेंटही कॅप धरून ठेवतं. पुढे स्क्रू ढिला झाला तर कॅप कापावी लागत नाही, हा मोठा फायदा. अबटमेंट बुटकं असेल तर सिमेंट बदलत बसू नका, सिमेंटऐवजी स्क्रूने बसणारी कॅपच करा.

झिंकची सिमेंटं एक्स-रेत ठळक दिसतात, काही रेझिन जवळपास दिसतच नाहीत. आपल्याकडच्या सिमेंटचा ठिपका सेन्सरवर ठेवून एकदा एक्स-रे काढून बघाच. पण गालाकडचा किंवा जिभेकडचा तुकडा इम्प्लांटच्या सावलीत लपतो, म्हणून कॅपची कडा हिरडीखाली 1 मिलिमीटरपेक्षा खोल नेऊ नका. कॅपमध्ये सिमेंट भरल्यावर ती आधी पॅटर्न रेझिनच्या (कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) नकली अबटमेंटवर दाबा, जास्तीचं बाहेरच निघून जातं. तोंडात फक्त पातळ थर जातो.

टायटॅनियमवर पॉलिकार्बोक्सिलेट टाळा, त्याने धातू गंजू शकतो.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की झिंक फॉस्फेट सिमेंट मिसळायच्या काचेवरच घट्ट होऊ लागतं. काच थंड करा, पण कूलरच्या दमट हवेत तिच्यावर दव धरतं. ते पाणी मिश्रणात गेलं तर सिमेंट आणखी लवकर आवळतं आणि कमकुवत होतं. दव दिसलं तर काच पुसून थोडी थांबू द्या.

आता टोळीवर जाणाऱ्यांची कॅप मी निघायच्या निदान पंधरा दिवस आधी बसवते आणि आठव्या दिवशी हिरडी तपासून मगच त्यांना निरोप देते.